दचकणाऱ्या बहिणीची गोष्ट

नेमबाजीच्या रेंजवरच्या दुरुस्तीच्या खोलीत मिस्त्रीला नेमलं होतं ते लोकांची पिस्तुलं दुरुस्त करायला, पण त्याचा निम्मा दिवस जायचा लोकांची लायकी काढण्यात. खोली म्हणजे पत्र्याच्या शेडच्या टोकाला काढलेला एक लांबट कोपरा. एका भिंतीला टेबल, टेबलावर हिरवं रबर, त्यावर मापाप्रमाणे उतरत ठेवलेले स्क्रूड्रायव्हर, एक दिव्याचं भिंग, आणि भिंतीत सव्वा फुटाची खिडकी. या खिडकीतून पिस्तूल आत यायचं आणि पिस्तुलाच्या मालकाचा पाणउतारा बाहेर जायचा.

बहुतेक तक्रार एकच असे. पिस्तूल झटका देतं.

दातांचे डॉक्टर ही तक्रार महिन्यातून दोनदा घेऊन येत. त्यांच्याकडे पैसा होता, हौस होती, आणि नेम सोडून नेमबाजीला लागणारं बाकी सगळं होतं. मिस्त्री त्यांचं पिस्तूल हातात घ्यायचा, उलटंपालटं करायचा, आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सुरू व्हायचा. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. पिस्तूल किलोभराचं. छर्रा पुढे जाताना पिस्तूल मागे ढकलतो हे खरं, पण किती, तर मुंगीने हत्तीला ढकलावं तितकं. तेवढंही नको म्हणून बनवणाऱ्यांनी नळी मुठीच्या अगदी अंगाबरोबर खाली आणून बसवली, म्हणजे झटक्याने तोंड वर उचलायला नको. नळीच्या टोकाला वरच्या बाजूने भोकं पाडली, म्हणजे सुटणारी हवा वर जाते आणि तोंड खाली दाबते. अक्रोडाच्या लाकडाची मूठ तुमच्या पंज्याच्या मापाने कोरली, खाली तळहात टेकायला फळी दिली. आणि इतकं करूनही भागलं नाही म्हणून नळीच्या वर एक छोटी दांडी बसवली, तिच्या आत दोन स्प्रिंगांच्या मध्ये करंगळीच्या पेराएवढं पितळी वजन. पिस्तूल मागे येऊ लागलं की हे वजन स्प्रिंगांवर झुलतं आणि उरलासुरला धक्का स्वतःवर घेतं.

"डॉक्टर, तुम्ही खुर्ची मागे पाडता ना, तेव्हा तुमच्या पेशंटला याहून मोठा झटका बसतो," असं म्हणून तो पिस्तूल खिडकीतून परत द्यायचा. "पिस्तूल ठीक आहे. दचकता तुम्ही."

डॉक्टर ओशाळून हसत आणि निघून जात. त्यांना वाईट वाटायचं की नाही, याची मिस्त्रीने कधी चौकशी केली नाही.

खरी पंचाईत ही होती की शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा मिस्त्रीचं बरोबरच असायचं. जुन्या स्प्रिंगच्या पिस्तुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात आतला दट्ट्या पुढे आदळायचा, पिस्तूल आधी मागे, मग पुढे असं दोनदा हिसकायचं, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच. तसलं एक पिस्तूल त्याने खिळ्याला टांगून ठेवलं होतं, झटका म्हणजे काय ते दाखवायला. पण आताच्या, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पिस्तुलात झटका असा उरलेलाच नाही. माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच घाबरतो, मनगट आखडतो, आणि खापर पिस्तुलावर फोडतो. सतत बरोबर असणाऱ्या माणसाला हळूहळू एक रोग जडतो. समोरचा बोलायला तोंड उघडतो तोच त्याला आपलं उत्तर पाठ असतं.

रेंजवर वर्षातून दोनदा नवशिक्यांची तुकडी येई. पहिल्या दिवशी सगळ्यांना बाकांवर बसवून पिस्तुलाची ओळख करून द्यायचं काम सेक्रेटरीने मिस्त्रीकडे दिलं होतं. हा तास मिस्त्रीचा फार लाडका. नळी, मूठ, ट्रिगर, वजन, सगळं सांगून झालं की शेवटी तो एक गोष्ट सांगायचा. गोष्ट त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची होती.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बहीण तेव्हा सत्तावीस वर्षांची, नवऱ्यामागे एका मुलीला घेऊन माहेरी राहणारी. मिस्त्रीनेच तिला पिस्तूल धरायला शिकवलं. हात दगडासारखा स्थिर. या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस छर्र्यांत चारशेपैकी तीनशे पंच्याऐंशी ही तिची रोजची मजल. तिच्यासाठी नवं पिस्तूल आलं तेव्हा मिस्त्रीने ते घरच्या टेबलावर संपूर्ण सुटं केलं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा बसवलं, कारण कारखान्यातल्या लोकांवर त्याचा विश्वास नव्हता. त्यानंतरही बहीण शेडमध्ये तीनशे पंच्याऐंशी मारत राहिली. पण स्पर्धेच्या मोठ्या हॉलमध्ये, एसीच्या गारव्यात, परीक्षकांसमोर उभी राहिली की तीनशे एकाहत्तर. तीनदा गेली आणि तिन्ही वेळा तेच झालं. दर पाच-सहा छर्र्यांनी नेम धरायच्या मागच्या खाचेचा स्क्रू फिरवत बसायची, कधी डावीकडे, कधी वर. तिसऱ्या वेळी ती मिस्त्रीला म्हणाली की पिस्तूल हॉलमध्ये वेगळं वागतं. तेव्हा त्याने हॉलच्या पायऱ्यांवर, संघातल्या मुलींच्या, प्रशिक्षकाच्या आणि स्वतःच्या आईच्या देखत सांगून टाकलं, की पिस्तूल मी बसवलंय, त्यात दोष असणं शक्य नाही. ही दचकते.

"आणि तिने त्या दिवसापासून पिस्तूल सोडलं," असं म्हणून मिस्त्री गोष्ट संपवायचा. "देवाने हात दिला होता, काळीज दिलं नाही. तर बाळांनो, पिस्तुलाला नावं ठेवायच्या आधी माझी बहीण आठवा."

नवशिकी मंडळी गंभीर चेहऱ्याने माना डोलवत. अठरा वर्षांत छत्तीस तुकड्यांना त्याने ही गोष्ट सांगितली. सख्ख्या बहिणीची फजिती इतक्या तन्मयतेने सांगणारा माणूस विरळाच म्हणायचा.

बहिणीने पुढे बाजाराच्या मागच्या गल्लीत कपडे बेतून, उसवून, पुन्हा शिवून द्यायचं दुकान काढलं. ती रेंजवर पुन्हा आली नाही. पिस्तूल पेटीत पडून राहिलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीने ते बाहेर काढलं आणि मामाकडे घेऊन आली.

भाची रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. मिस्त्रीने मोठ्या मनाने पिस्तुलाचा सिलिंडर बदलून दिला, कारण जुन्याची मुदत संपली होती. वॉशर बदलले, बाहेरून पुसलं. आत हात घातला नाही. मी बसवलेलं पिस्तूल उघडावं लागत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. भाची शिकली, आणि भराभर शिकली. आता मुली साठ छर्रे मारतात; शेडमध्ये ती सहाशेपैकी पाचशे पंच्याहत्तरच्या घरात जाऊन पोचली. मग हॉलमध्ये पहिली स्पर्धा झाली. पाचशे एकसष्ट. दुसरी झाली. पाचशे त्रेसष्ट.

मिस्त्रीने खिडकीतूनच निकाल दिला. "आईवर गेलीस."

संघाच्या निवडीची चाचणी तोंडावर आली होती. जागा तीन, आणि भाचीचं हे शेवटचं वर्ष, कारण पुढच्या वर्षी रक्तपेढीत तिला रात्रपाळी लागणार होती आणि सरावाला वेळ उरणार नव्हता. चाचणीच्या आधीच्या गुरुवारी ती एक वही घेऊन मामाच्या खोलीत आली. वहीत रकाने पाडलेले होते. तारीख, जागा, तापमान, गुण, आणि मागच्या खाचेचा स्क्रू किती वेळा फिरवला त्याचा आकडा. शेडमध्ये तेहतीस-चौतीस अंश असले की गुण चांगले आणि स्क्रूला हात नाही. हॉलमध्ये वीस अंश असले की गुण घसरलेले आणि स्क्रू आठ-दहा वेळा फिरवलेला. एकदा भल्या सकाळी शेडमध्येही गारठा होता, त्या दिवशीही गुण घसरले होते, आणि त्या दिवशी तिथे ना परीक्षक होता ना प्रेक्षक.

मिस्त्रीने वही न वाचताच चाळली. "काखेत थर्मामीटर लावून नेम धरतेस का?"

"मामा, रक्ताची पिशवी दचकत नाही," भाची म्हणाली. "तरी आम्ही दर चार तासांनी तापमान लिहितो. बिघडलं की कधी बिघडलं ते कळतं."

मग तिने एक गोष्ट दाखवली. डॉक्टरांचं पिस्तूल याच बनावटीचं होतं. ते तिने मागून आणलं होतं. ते रिकामं असल्याची खात्री करून तिने त्याचं तोंड खाली केलं, मग वर केलं. वरच्या दांडीतलं वजन सरकलं आणि टिक असा बारीक आवाज आला. मग तिने स्वतःचं पिस्तूल तसंच खालीवर केलं. काही आवाज नाही.

मिस्त्री हसला. त्याच्या मते हा तर पुरावा होता, पण त्याच्या बाजूचा. डॉक्टरांचं पिस्तूल खुळखुळतं, कारण ते कारखान्यातल्या गबाळ्या माणसाने बसवलंय. हे खुळखुळत नाही, कारण ते त्याने बसवलंय. बसवायच्या वेळी हेही असंच टिक टिक करत होतं, त्यानेच तो आवाज घालवला होता, हेही त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कसा घालवला, ते मात्र त्याला त्या क्षणी आठवलं नाही, किंवा आठवावंसं वाटलं नाही.

भाचीने उघडून बघायची विनंती केली. त्याने नकार दिला. तिने पुन्हा केली, त्याने पुन्हा दिला. तेव्हा ती पिस्तूल पेटीत ठेवत सहज म्हणाली की पलीकडच्या क्लबातला कारागीर उद्या मोकळा आहे, त्याच्याकडून उघडून घेते.

हा घाव वर्मी बसला. पलीकडच्या क्लबातला कारागीर म्हणजे मिस्त्रीच्या मते सायकलीची पंक्चरं काढायच्या लायकीचा माणूस. त्याचा स्क्रूड्रायव्हर आपल्या कामात शिरणार या कल्पनेनेच मिस्त्रीचे कान तापले. त्याने पेटी हिसकावून घेतली, आणि नुसतं उघडून दाखवण्यावर न थांबता सेक्रेटरीला आणि डॉक्टरांना हाक मारून बोलावलं. लोकांसमोर उघडतो म्हणाला. एकदाचं बघून घ्या सगळ्यांनी, दोष कुठे असतो ते.

तिघं टेबलाभोवती उभी राहिली. मिस्त्रीने भिंगाचा दिवा लावला, बाह्या सरसावल्या. सिलिंडर काढला. मूठ काढली. दांडीच्या टोकाचं झाकण सोडवलं, पुढची स्प्रिंग चिमट्याने ओढून ताटलीत ठेवली. मग दांडी ताटलीवर उपडी केली. आता वजन टपकन पडायला हवं होतं.

पडलं नाही.

त्याने दांडी बोटाने ठोकली. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकली. वजन हळूहळू, अर्धवट बाहेर आलं आणि लोंबकळत राहिलं. त्याच्याभोवती तांबूस-तपकिरी, डिंकासारखं चिकट झालेलं काहीतरी होतं. तीस अंशांच्या वर ते थोडं पातळ होत असणार आणि वजनाला कसंबसं हलू देत असणार. हॉलच्या गारव्यात ते आखडून बसत असणार. मग वजन एका छर्र्याला हललं तर दुसऱ्याला नाही. प्रत्येक वेळी पिस्तूल हातात वेगळ्या तऱ्हेने उसळणार. छर्रा तोवर निघून गेलेला असतो हे खरं, पण नेमबाज आपला नेम कसा सुटला ते त्या उसळीवरूनच ओळखतो. उसळी खोटी म्हटल्यावर अंदाज खोटा, आणि अंदाज खोटा म्हटल्यावर स्क्रू फिरवणंही उलट्याच दिशेला. हे सगळं मिस्त्रीला त्या लोंबकळणाऱ्या वजनाकडे बघताना एका दमात कळलं. त्याच्याइतकं चटकन ते तिथे दुसऱ्या कोणाला कळणंही शक्य नव्हतं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

या दांडीत काही घालायचं नसतं. ती कोरडीच ठेवायची असते. दुसऱ्या कोणी घातलं असतं तर मिस्त्रीने त्याची सात पिढ्यांसकट आठवण काढली असती.

पहिले बोलले ते डॉक्टर. ज्या माणसाला मिस्त्रीने वर्षानुवर्षं चारचौघांत धुतलं होतं, तो हळू आवाजात म्हणाला, "कंपनीनेच घातलं असेल, मिस्त्री."

डॉक्टरांनी पुढे केलेला हात मिस्त्रीने लगेच धरला.

"मग आणखी कोण," तो म्हणाला. "घाण माल पाठवतात."

सेक्रेटरीने कंपन्यांच्या नावाने दोन शब्द काढले आणि तो गेला. डॉक्टरही आपलं पिस्तूल घेऊन गेले. भाची तिथेच उभी होती. तिची नजर टेबलावर नव्हती. ती मिस्त्रीच्या डोक्यावरच्या फळीकडे बघत होती. तिथे घरून आणलेला ग्रीसचा एक जुना लाल डबा होता, झाकण नसलेला, आणि आत त्याच रंगाचं सुकत आलेलं ग्रीस होतं. मिस्त्रीने मान खाली घालून वजन रॉकेलमध्ये धुतलं, दांडी आतून कापसाने पुसली, कोरडी केली, सगळं परत बसवलं. तिने पिस्तूल खालीवर केलं. टिक. ती निघून गेली.

रविवारी हॉलमध्ये चाचणी झाली. मिस्त्री मागच्या भिंतीला टेकून उभा होता. एसी जोरात होता. भाचीने साठ छर्र्यांत एकदाही स्क्रूला हात लावला नाही. पाचशे चौऱ्याहत्तर झाले, तिसरा क्रमांक आला, आणि ती संघात गेली. लोकांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. कारागीर असावा तर असा, असंही कोणीतरी म्हणालं. त्याने ते ऐकून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर भाची त्याच्याजवळ आली. पायऱ्या त्याच होत्या, पण तिला ते माहीत नसावं.

"आईने फोनवर विचारलं, एकदम काय बदललं म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, मामाला विचार."

सोमवारी दुपारी मिस्त्री बहिणीच्या दुकानात गेला. वाटेत त्याने एक वाक्य तयार केलं होतं. त्यात कंपनी होती, अठरा वर्षं होती, आणि कोणाच्याच हातात काही नव्हतं असा एकंदर सूर होता. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना टांगलेले कपडे, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. बहीण मशीनवर एक पायघोळ पँट आखूड करत होती. ओठांत तीन टाचण्या होत्या. तिने मानेनेच त्याला स्टूल दाखवलं. तो बसला नाही. त्याने आपलं वाक्य म्हणून टाकलं.

तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"कुठल्या कंपनीने?" तिने विचारलं. "पिस्तूल खोक्यातून काढून तू आईसमोर टेबलावर सुटं केलं होतंस. टिक टिक वाजतं म्हणून तुला चैन पडेना. लाल डबा फळीवरून मीच काढून दिला होता."

मिस्त्रीला दुकानातून निघून जावंसं वाटलं. पण कपड्यांच्या मधली वाट इतकी अरुंद होती की तिथे वळायलाही जागा नव्हती.

"एवढा आवाजही मला सहन झाला नाही," तो म्हणाला. "तुझं पिस्तूल सगळ्यांत चांगलं चालावं म्हणून घातलं."

"मशीनच्या शटलमध्ये ग्रीस घालायचं नसतं, हे मला शिवण शिकवणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितलं. चौथी शिकलेली बाई होती." तिने पुन्हा पायडल दाबलं, शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला. मग कपडा मांडीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी दचकत नव्हते."

"नाही."

"आई गेली तेव्हाही तिला वाटत होतं, मी भित्री आहे. नवीन मशीन घ्यायचं म्हटलं तरी म्हणायची, तुझ्याच्याने नाही व्हायचं बाई, तू दचकतेस. तिला काय सांगणार आहेस?"

जन्मभर उत्तरं खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाचे खिसे त्या दुपारी रिकामे निघाले. त्याने चूक कबूल केली, चुकलो म्हणाला, दोनदा म्हणाला. पिस्तूल परत धर, मी येतो शिकवायला, असंही बोलून गेला. त्यावर बहीण अशी हसली की त्याला ते वाक्य परत गिळावंसं वाटलं. पंचेचाळिशीत तिच्या डोळ्यांना सुईचं नेढंही धड दिसत नव्हतं. ती वेळ निघून गेली होती आणि कोणाच्या येण्याने परत येणार नव्हती.

"माझ्याकडे रेंजवरच्या मुलींच्या आया कपडे घेऊन येतात," ती म्हणाली. "गेल्या वर्षी एक म्हणाली, तुमच्यासारखं माझ्या मुलीचं होऊ नये म्हणून फार जपते मी. मला कळेना, माझं काय झालंय. मग तिने तुझी गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी सांगतोस म्हणे सगळ्यांना."

मिस्त्री मशीनच्या चाकाकडे बघत राहिला. गोष्ट आता बंद करतो, असं तो पुटपुटला.

"बंद नको करूस," बहीण म्हणाली. "चांगली गोष्ट आहे. लोकांच्या लक्षात राहते. सांगत राहा. फक्त शेवट नीट सांग."

तिने दुसरा कपडा ओढला. मिस्त्री आला तसा आडव्या अंगाने कपड्यांमधून बाहेर पडला.

पुढची तुकडी तीन आठवड्यांनी आली. बावीस जण होते. मिस्त्रीने नेहमीप्रमाणे टेबलावर पिस्तूल सुटं करून मांडलं. मधल्या दिवसांत त्याने स्वतःशी बरीच घासाघीस केली होती. या वेळी गोष्ट वगळायची आणि पुढच्या वेळी सांगायची, अशी एक सवलत त्याने स्वतःला देऊनही टाकली होती. वजन कोरडं ठेवायचं एवढं सांगितलं की झालं, कोणी ठेवलं नाही ते कशाला सांगायला हवं. पण नळी आणि मूठ सांगून तो दांडीतल्या वजनापर्यंत आला तेव्हा दार उघडलं आणि त्याची बहीण आत आली. गळ्यात मापाची टेप तशीच होती. ती सरळ शेवटच्या बाकावर, भाचीच्या शेजारी जाऊन बसली. डॉक्टर आणि सेक्रेटरी दाराशी उभे होते. त्यांना कोणी बोलावलं होतं ते मिस्त्रीने विचारलं नाही.

त्याने वजन चिमट्यात धरून वर उचललं. हे कोरडं ठेवायचं, तो म्हणाला. मग त्याने गोष्ट सुरू केली, आणि जशी सांगायचा तशीच सांगत गेला. बहिणीचा दगडासारखा हात आला, तीनशे पंच्याऐंशी आले, हॉल आला, तीनशे एकाहत्तर आले, पायऱ्या आल्या. नवशिकी मंडळी गंभीर होऊन ऐकत होती. आता नेहमीचं वाक्य यायचं. मिस्त्रीने टेबलावरचे स्क्रूड्रायव्हर नीट होते ते पुन्हा नीट लावले.

"ती दचकत नव्हती," तो म्हणाला. "या दांडीत मी ग्रीस भरलं होतं. कंपनीने नाही. मी."

हे तो टेबलाकडे बघत, इतक्या हळू म्हणाला की पहिल्या बाकावरचे दोघे तेवढे पुढे वाकले.

शेवटच्या बाकावरून बहिणीने हात वर केला.

"मागे ऐकू येत नाही," ती म्हणाली. "पायऱ्यांवर चांगलं ऐकू आलं होतं."

मिस्त्रीने मान वर केली. दाराशी डॉक्टर होते, सेक्रेटरी होता, समोर बावीस नवी तोंडं होती. त्याने वजन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून, शेडच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, सगळं पुन्हा सांगितलं.